सानांच्या टेबलावरची डॅन्यूब

मला आयुष्यात ज्या माणसाचा सगळ्यात जास्त हेवा वाटला, तो एक्क्याऐंशी वर्षांचा होता, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एकटा राहत होता, आणि माझ्या वडिलांशी त्याला एक वाक्यही धड बोलता येत नव्हतं.

जपानमधल्या हिगाशी-कसाईच्या या इमारतीत आम्ही नवरा-बायको नऊ वर्षं राहतोय. मी एका कंपनीत दुभाषी आहे. इथले जपानी साहेब आणि पुण्याचे इंजिनियर यांच्या मीटिंगमध्ये मधे बसायचं आणि याचं त्याला, त्याचं याला सांगायचं, हे माझं काम. आई गेल्यावर दुसऱ्या वर्षी बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. बाबा म्हणजे वाईच्या शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवलेले मास्तर. ते येणार म्हणून मी वर्षभर रजा साठवली होती. लग्न होऊन घर सोडल्यापासून मला बाबा असे एकटीला मिळालेच नव्हते. खरं तर त्याच्या आधीही नाही.

ते येऊन चार दिवस झाले होते. मी घरूनच काम करत होते. मीटिंग सुरू असताना बाबांनी मला विचारायचं टाळलं आणि प्लास्टिकची पिशवी उचलून खाली गेले. तो दिवस जाळायच्या कचऱ्याचा होता; इथे प्रत्येक कचऱ्याचा वार ठरलेला असतो. कचऱ्याच्या जागेवर सकाळी तळमजल्याचे आजोबा उभे असतात. त्यांना कुणी नेमलेलं नाही, पण कुणाची चुकीची पिशवी त्यांच्या नजरेतून सुटत नाही. मीटिंग संपली तेव्हा बाबांना जाऊन दीड तास झाला होता. मी घाबरून धावतच खाली गेले. आजोबांच्या घराचं दार किलकिलं होतं आणि दारात बाबांच्या चपला होत्या, टाचा आतल्या बाजूला, बोटं रस्त्याकडे. बाबा चपला कधी अशा काढत नाहीत. आजोबांनी इथल्या रीतीप्रमाणे त्या फिरवून ठेवल्या असणार.

आत सगळी खोली एका टेबलाने भरली होती. टेबलावर अर्धवट रंगवलेली एक नदी होती. दोन्ही काठांवर नखाएवढे सैनिक, तंबू, घोडे, आणि काठाला बांधलेल्या चपट्या होड्यांची रांग. त्या होड्यांवर फळ्या टाकून पूल तयार होत होता. बाबा टेबलावर वाकले होते. त्यांनी मागे न बघताच मला हाक मारली, "ये, ये! हे बघ कोण आहे!"

मला वाटलं, आजोबांबद्दल बोलतायत. ते दाखवत होते जांभळा झगा घातलेल्या, दीड इंच उंचीच्या एका माणसाकडे.

"ओळखलंस?"

"नाही."

"इतिहासाच्या मास्तराची मुलगी ना तू!" असं म्हणून ते आजोबांकडे बघून हसले. आजोबांना एक अक्षर कळलं नव्हतं, तरी तेही हसले. मी दारातच उभी होते.

तो एक रोमन सम्राट होता, चौथ्या शतकातला. पूर्वेकडचं अर्धं साम्राज्य त्याच्याकडे होतं आणि पश्चिमेकडचं त्याच्या थोरल्या भावाकडे. डॅन्यूब नदी ही त्याची सरहद्द, आणि नदीपलीकडे गॉथ लोक. त्यांनी सम्राटाविरुद्ध बंड केलेल्या एका माणसाला कुमक पाठवली, म्हणून हा त्यांना धडा शिकवायला निघाला. आजोबा आयुष्यभर नद्यांचे बंधारे बांधणाऱ्या खात्यात इंजिनियर होते. निवृत्त झाल्यावर त्यांना छोटी मॉडेल करायचा छंद लागला. बाकीचे लोक गाजलेल्या लढाया करतात, म्हणून ह्यांनी कुणाला ठाऊक नसलेली ही मोहीम निवडली होती. बाबांना मात्र ती पाठ होती.

त्या दिवसापासून बाबा रोज सकाळी खाली जाऊ लागले. आजोबांचं नाव बाबांना कधीच नीट उच्चारता आलं नाही. लोक त्यांना अमुक-सान, म्हणजे अमुकराव, अशी हाक मारतात एवढं त्यांनी ऐकलं आणि 'सान' हेच नाव धरून ठेवलं. "सानांकडे जाऊन येतो." "सानांनी आज चहा दिला, हिरवा, कडू जहर." सान त्यांना 'सेन्सेइ' म्हणत, म्हणजे गुरुजी. दोघं कागदावर चित्रं काढून, बोटं दाखवून, हातवारे करून बोलत. मी ऑफिसातून येई तेव्हा बाबा मोहीम कुठवर आली ते सांगत. पण ते सांगणं म्हणजे खाली झालेल्या खऱ्या गप्पांचं उरलंसुरलं असे. तो हिशेब मला लगेच कळायचा, कारण मी त्या उरल्यासुरल्यावरच वाढले होते.

वाईला रविवारी सकाळी बाबांचे विद्यार्थी आमच्या ओसरीवर जमत. बाबा त्यांना पुस्तकाबाहेरचं सांगत. हत्ती घेऊन बर्फाचा डोंगर ओलांडणारे सेनापती, वेढ्यात उंदीर खाऊन जगलेली शहरं. मी आतून पोहे घेऊन यायची आणि ताटल्या ठेवता ठेवता जेवढं कानावर पडेल तेवढं ऐकायची. रेंगाळले की बाबा म्हणत, "जा, तुझा अभ्यास कर." एकदा मी जेवताना विचारलं होतं, "त्या हत्तींचं पुढे काय झालं?" बाबा म्हणाले, "घरी तरी मास्तरकी नको गं." मी परत विचारलं नाही. ती मुलं आता पन्नाशीची आहेत आणि अजून मला त्यांची नावं ऐकवत नाहीत.

दुसऱ्या शनिवारी सानांनी मला निरोप पाठवला. गुरुजींना बरंच काही विचारायचंय, थोडा वेळ दुभाषी म्हणून याल का? मी गेले. तीन तास बसले. आणि त्या तीन तासांत माझ्या वडिलांना मी पहिल्यांदा पोटभर ऐकलं, तेही दुसऱ्याला सांगण्यासाठी.

"पहिल्या वर्षी," बाबा म्हणाले, "सम्राट होड्यांच्या पुलावरून पलीकडे गेला. एवढं मोठं सैन्य. आणि पलीकडे कोणीच नाही! गॉथ सगळे डोंगरात पळाले. लढायला माणूसच मिळेना. दुसऱ्या वर्षी परत आला, तर नदीला हा पूर. पूर ओसरायची वाट बघत अख्खा उन्हाळा काठावर बसून काढला. तिसऱ्या वर्षी मात्र तो आत घुसला, खूप आतपर्यंत. आणि त्याच्या तलवारीपेक्षा मोठं काम केलं बंद पडलेल्या बाजाराने. नदीवरचा व्यापार तीन वर्षं बंद. धान्य नाही, कापड नाही. गॉथ टेकीला आले."

मी जपानीत सांगत होते. सान मधेच विचारत होते, पूर कुठल्या महिन्यात, प्रवाहाचा वेग किती, पुलाच्या होड्या नांगरल्या कशा? बाबांना नदीचं काही माहीत नव्हतं, सानांना माणसांचं. दोघांचे डोळे लकाकत होते.

"मग तहाची वेळ आली," बाबा म्हणाले. "सम्राट म्हणाला, माझ्या काठावर ये. गॉथांचा पुढारी म्हणाला, मी बापाला शब्द दिलाय, रोमच्या जमिनीवर पाऊल ठेवणार नाही. बरं, सम्राटाने पलीकडे जायचं, तर त्यात त्याला कमीपणा. मग? मग दोघं आपापल्या होडीत बसून नदीच्या मधोमध आले आणि तिथे तह केला!"

सानांनी टाळी वाजवली. त्यांना करायचं होतं ते हेच दृश्य होतं. त्यांनी विचारलं, "गुरुजी, तुम्ही यावर पुस्तक का नाही लिहिलं?"

बाबांनी हात झटकला. "पीएच.डी.ला नाव घातलं होतं. याच विषयावर. मग ही झाली. हिच्या आईची तब्येत तेव्हापासून नाजूक. राहून गेलं."

हे मला कधीच कोणी सांगितलं नव्हतं. ना आईने, ना त्यांनी. चव्वेचाळीस वर्षांत नाही. आणि जेमतेम दोन आठवड्यांच्या ओळखीच्या माणसाला सांगून टाकलं, तेही माझ्याच तोंडून. मी जपानीत म्हटलं, "त्यांनी संशोधन सुरू केलं होतं. मग मी जन्मले." सानांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "माफ करा." बाबा तोवर परत होड्यांकडे वळले होते.

त्यानंतर मला सानांचं सगळं खुपायला लागलं. त्यांचा चष्मा, त्यांची मऊ चाल, बाबांसाठी त्यांनी आणून ठेवलेली उशी. रजा टाकून मी बाबांना क्योतोला नेलं. देवळं झाली, बागा झाल्या. बसमध्ये माझ्या शेजारी बसून बाबा म्हणाले, "आज सान नदीत पाणी ओतणार होते. म्हणजे ते चकचकीत रसायन. एकदा ओतलं की हलवता येत नाही म्हणे." परत निघताना त्यांनी हट्टाने एका दुकानात थांबून बारीक रंगकामाचा कुंचला घेतला. दुकानदार तो कागदात गुंडाळत असताना मी वाट बघत होते, आता माझ्याकडे बघून विचारतील, तुला काय हवंय? बाबा म्हणाले, "यातला अजून बारीक मिळतो का विचार बरं."

नवरा म्हणाला, "अगं, त्यांचं मन रमलंय, चांगलंच आहे की." चांगलंच होतं. मला तेच तर सहन होत नव्हतं.

मग ते झालं. एका बुधवारी संध्याकाळी मी कामावरून येत होते. सान दाराशी बाबांबरोबर उभे होते आणि मला बघून दोघांचे चेहरे उजळले. अर्थातच, दुभाषी आली होती. सान म्हणाले, येत्या रविवारी वॉर्डाच्या सभागृहात मॉडेल करणाऱ्यांचं प्रदर्शन आहे. माझी नदी तिथे ठेवणार आहे. गुरुजींनी शेजारी बसून लोकांना गोष्ट सांगावी अशी फार इच्छा आहे. तुम्ही भाषांतर केलंत तर उपकार होतील.

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं.

रविवारी मी बाबांना समुद्राकाठच्या बागेत नेणार होते. डबा करून. दोघंच. मी म्हटलं, "रविवारी त्यांचं प्रदर्शन आहे. पण फक्त त्यांच्या मंडळाच्या लोकांसाठी. बाहेरच्यांना सोडत नाहीत, म्हणून वाईट वाटतंय म्हणतात."

बाबांचा चेहरा पडला. "हो का? असू दे, असू दे. त्यांना सांग, शुभेच्छा म्हणावं."

मी सानांकडे वळले आणि अगदी नेमक्या आदरार्थी जपानीत म्हटलं, "बाबा मनापासून आभारी आहेत. पण रविवारी त्यांना दुसरीकडे जायचंय. त्यांना फार वाईट वाटतंय."

सान कमरेत वाकले. बाबाही वाकले. दोघांनाही वाईट वाटत होतं, त्यामुळे माझं भाषांतर दोघांच्या चेहऱ्यांना अगदी जुळलं. पंधरा वर्षांच्या नोकरीत मी एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. त्या दिवशी तो करताना मला जराही अडखळायला झालं नाही, याचं मला नंतर सगळ्यात जास्त भय वाटलं.

रविवारी ऊन छान होतं. गवतावर चटई टाकून आम्ही थालीपीठ खाल्लं. समोर समुद्र होता. मी म्हटलं, "बाबा, तहानंतर त्या सम्राटाचं काय झालं? मला सांगा ना."

त्यांनी नवलाने माझ्याकडे पाहिलं. मग पाय दुमडून सरळ बसले, ओसरीवर बसत तसे, आणि सांगू लागले. मला. एकटीला.

तह सात-आठ वर्षं टिकला. मग गॉथांच्या मागे दुसरेच लोक लागले, पूर्वेकडून आलेले घोडेस्वार. बायकामुलांसकट हजारो गॉथ नदीकाठी येऊन उभे राहिले, आम्हाला अलीकडे घ्या म्हणून. सम्राटाने परवानगी दिली. पण त्याच्या काठावरच्या अधिकाऱ्यांनी त्यांना उपाशी ठेवलं. कुत्र्याचं मांस द्यायचं आणि बदल्यात त्यांची पोरं गुलाम म्हणून घ्यायची. शेवटी ते उठले. सगळा प्रांत पेटला.

"तोवर थोरला भाऊ वारला होता," बाबा म्हणाले. "पश्चिमेला त्याचा मुलगा सम्राट झाला होता. म्हणजे ह्याचा पुतण्या. कोवळं पोर, पण तिकडे लढाया जिंकत होतं. त्याने काकाला कळवलं, थांबा, मी सैन्य घेऊन येतोय, दोघं मिळून लढू."

"मग?"

"मग काय! काका-पुतण्यांचं काही फक्त आपल्याकडेच नाही. ह्याच्या पोटात दुखलं. पोराच्या नावाचा गाजावाजा चालला होता, आता हा विजयही त्याच्याच नावावर जाणार. थांबला नाही. भर उन्हाळ्यात, दुपारचं, तहानलेलं उपाशी सैन्य घेऊन तुटून पडला. सगळं सैन्य कापलं गेलं. सम्राटाचं प्रेतसुद्धा सापडलं नाही."

त्यांनी थालीपीठाचा एक तुकडा मोडला. मग साध्या आवाजात म्हणाले, "सानांना हे सांगायचं राहिलंच बघ. आज लोकांनी विचारलं तर काय सांगतील?"

मी घास खाली ठेवला. "बाबा, मी खोटं बोलले," मी म्हटलं. "प्रदर्शन सगळ्यांसाठी आहे. त्यांनी तुम्हाला बोलावलं होतं. गोष्ट सांगायला."

त्यांना आधी कळलंच नाही. मी परत सांगितलं. सानांना काय सांगितलं तेही सांगितलं. बाबांनी चिडून बोलावं म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि म्हणाले, "किती वाजता संपतं?"

"चारला."

"चल."

सभागृह बसने वीस मिनिटांवर होतं. बाबा सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते. आम्ही पोचलो तेव्हा तीन वाजत आले होते. विमानं, जहाजं, रणगाडे यांच्या गर्दीत कोपऱ्यात सानांचं टेबल होतं. नदी पुरी झाली होती. तिच्या मधोमध दोन होड्या समोरासमोर उभ्या होत्या. सान कोट-टाय घालून शेजारी बसले होते आणि समोर कोणीही नव्हतं.

आम्हाला बघून ते उभे राहिले. बाबा मला म्हणाले, "आता सांग त्यांना. जे मला सांगितलंस ते सगळं."

मी सांगितलं. दोन्ही खोटी वाक्यं. का ते सांगायला लागले, तेव्हा माझी जपानी तुटली. आजवर ती कधी तुटली नव्हती. कसंबसं म्हटलं, "मला तुमचा हेवा वाटत होता."

सानांनी टायची गाठ सारखी केली. मग "असं होतं तर," एवढंच म्हणाले आणि स्वतःची खुर्ची बाबांना दिली.

बाबा बसले. दोघंचौघं जण थांबले, मग दहा-बारा. बाबा मराठीत बोलत होते, हात पसरून पूर दाखवत होते. मी एकेक वाक्य नीट पोचवत होते. आणि खरं सांगते, तेव्हाही बाबा त्या अनोळखी लोकांच्या डोळ्यांत बघून बोलत होते, माझ्या नाही. ते मला तेव्हाही बोचलंच.

परतीच्या बसमध्ये बाबा म्हणाले, "एवढं का गं?"

मी ओसरीचं सांगितलं. पोह्यांच्या ताटल्या, ते हत्ती, पीएच.डी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ती पोरं ऐकून घरी जायची," ते हळू म्हणाले. "म्हणून घाईने सांगायचो. तू काय, घरातलीच होतीस. तुला कधीही सांगता येईल असं वाटायचं."

"आणि पीएच.डी.?"

"ते तुझ्यामुळे नाही राहिलं. माझ्या हातून झालं नसतं. लोकांना सांगायला तुझं कारण बरं पडतं, एवढंच."

मला ते उत्तर पूर्ण पटलं नाही. अजून पटत नाही. पण ते त्यांनी मला दिलं होतं, मधे कुणी नव्हतं.

त्यानंतर बाबा महिनाभर होते. सान माझ्याशी नेहमीसारखेच वाकून बोलत, हवेपाण्याचं विचारत. पण परत त्यांनी मला दुभाषी म्हणून कधी बोलावलं नाही. त्यांनी फोनवर भाषांतराचं अ‍ॅप घेतलं. ते फार विनोदी मराठी बोलतं. एकदा त्याने बाबांना 'आदरणीय जुने शिक्षण, आज नदी कोरडी आहे काय' असं विचारलं. बाबा हसून लोटपोट झाले आणि मला म्हणाले, "बघ, तुझ्याशिवाय कसं चाललंय." ते गमतीत म्हणाले होते. मी हसले आणि आत जाऊन कपडे घड्या करत बसले.

आता बाबा वाईला आहेत. रविवारी फोन करतात. आधी सानांची चौकशी करतात. मग मी विचारते आणि ते सांगतात. गेले काही रविवार त्या सम्राटाच्या थोरल्या भावाची गोष्ट चालू आहे. तो पश्चिमेला ऱ्हाइन नदीवर लढत होता, किल्ल्यांवर किल्ले बांधत होता आणि भयंकर तापट होता. शेवटी सरहद्दीपलीकडून बोलणी करायला आलेल्या वकिलांवर, म्हणजे दूतांवर, ओरडता ओरडताच त्याला झटका आला आणि तो मेला. परवा आम्ही त्या ओरडण्यापर्यंत आलो होतो. मी एका हाताने भाजी हलवत होते.

"वकील म्हणाले, आमचा काही दोष नाही," बाबा सांगत होते, "आणि हा लालबुंद होऊन उठला आणि… एक मिनिट हं. सानांचा मेसेज आलाय. काहीतरी फोटो पाठवलाय. मग करतो तुला."

फोन बंद झाला. मी तशीच तो हातात धरून उभी राहिले. भाजीत मीठ घातलं होतं की नाही, ते काही केल्या आठवेना.